गादीपुढच्या डेस्कची चकाकी

राजुरेश्वर गणपतीच्या राजुरात आमच्या जुन्या दुकानाचे गादीपुढचे सागवानी डेस्क तीन पिढ्यांच्या रोजकिर्दी सांभाळून थकले होते. संगणक आला आणि ते माळ्यावर गेले. यंदा सूनबाईंनी ते खाली उतरवले, घासले व त्यास फिकट निळा चॉक पेंट दिला. रंग सुरेख बसला; परंतु पृष्ठभाग खडूने माखलेल्या पाटीसारखा कोरडा, आणि चहाच्या कपाचा पहिला डाग त्याच सायंकाळी पडला.

चॉक पेंट हा प्रकार इंग्लंडमध्ये ॲनी स्लोन यांनी १९९० साली प्रचारात आणला. त्यात खडूसारख्या भुकटीचे प्रमाण अधिक असल्याने तो सच्छिद्र राहतो. प्रकाश विखुरतो म्हणून चमकत नाही, आणि पाणी, तेल सहज शोषतो. त्यावर संरक्षक थर हवाच.

पॉलिशवाल्या कारागिराने चपडीचे दोन हात सुचवले. मातोश्री आतून म्हणाल्या, “चपडी म्हणजे लाखच ना?” सूनबाई थबकल्या, आणि आम्हीही.

पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर राहणारे सूक्ष्म कीटक आपल्या अंगाभोवती जो राळेचा थर निर्माण करतात, तीच लाख. ती खरवडताना आतील असंख्य जीव नष्ट होतात. श्रावकास वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य आहे, हे वाचकांस ठाऊकच आहे. निषेध व्यापाराचा आहे, घरातील वापराचा नव्हे, असे कोणी म्हणेल; पण मागणी असते म्हणूनच व्यापार चालतो, हे आपणा व्यापाऱ्यांस कोणी शिकवावयास नको. शिवाय गरम कप ठेवताच चपडीच्या पॉलिशवर पांढरे कडे उमटते, हा तिचा व्यावहारिक दोष निराळाच.

चॉक पेंटवर बहुधा मेण लावतात. तेथेही डब्यावरील घटक वाचावेत. अनेक मेणांत मधमाशीचे मेण असते. ब्राझीलमधील ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळणारे कार्नोबा मेण वनस्पतिजन्य आहे. ते मऊ सुती कापडाने अगदी पातळ लावून, दुसऱ्या दिवशी चोळून घ्यावे. झळाळी मंद, परंतु देखणी येते. काचेसारखी चकाकी मात्र मेणाने येत नाही. तीसाठी पाण्यात मिसळणारे ग्लॉस पॉलियुरेथेन वार्निश घ्यावे. तेलयुक्त वार्निश फिकट रंगावर कालांतराने पिवळे पडते.

खडूच्या अस्तरावर चमक आणणे आपल्या कारागिरांस नवीन नाही. सावंतवाडीच्या गंजिफांसाठी कापडावर चिंचोक्याची खळ व खडू यांचे लेप देऊन ते दगडाने घोटत. मग रंग, आणि अखेरीस लाख. ती लाख आपण सोडू, घोटणे तेवढे घेऊ. चमक खरी येते ती खालच्या गुळगुळीतपणामुळे.

म्हणून रंग पूर्ण एक दिवस वाळू द्यावा, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासावे आणि ओलसर कापडाने धूळ टिपून घ्यावी. वार्निशचा पहिला हात सच्छिद्र रंगात मुरून जातो. निराश होऊ नये. डब्यावर लिहिलेल्या वेळेनंतर पुन्हा हलके घासून दुसरा, तसाच तिसरा हात द्यावा. हात पातळ हवेत. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी वार्निश ब्रशखालीच सुकते व पट्टे उठतात, तेव्हा सकाळची वेळ साधावी. ब्रश नायलॉनचा असावा. प्राण्यांच्या केसांचा ब्रश पाण्याने फुगून लुळा पडतो, आणि तो बहुधा डुकराच्या केसांचा असतो, हे दुकानदार आपणहून सांगत नाही. आधी मेण लावलेल्या वस्तूवर वार्निश धरत नाही. मेण प्रथम मिनरल टर्पेंटाइनने पुसून काढावे.

आमची एक चूक झाली. सागवानातील तेलकट द्रव्य फिकट रंगातून पिवळसर पाझरते. त्यासाठी रंगाआधीच डाग अडवणारा प्रायमर द्यावयास हवा होता. तोही लाखेचा नको, पाण्यातला मिळतो. एका कोपऱ्यात तो पिवळेपणा आता कायमचा राहिला आहे.

वार्निश हाताला लवकर सुके लागते, परंतु पुरते कठीण होण्यास दोन-तीन आठवडे जातात. तोवर डेस्कवर वहीसुद्धा ठेवावयाची नाही, असा मातोश्रींचा दंडक होता, आणि तो त्यांनी नातवंडांकडूनही पाळून घेतला.