आदर आणि उपरोध

एरवी ‘तुम्ही’ म्हणणारा शेजारी एके दिवशी ‘आपण यावे, बसावे’ म्हणू लागला, की आपले कान टवकारतात. शब्द आदराचाच, पण नात्याच्या मापाहून आदर अधिक झाला, की त्याचा टोमणा होतो. ‘मोठे शहाणे आहात!’ हेही तसेच. मात्र शहाडकरांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. १९४७ नंतर शेजारच्या कल्याण छावणीत सिंधमधून आलेली कुटुंबे वसली. १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले. तिथला एखादा दुकानदार हिंदीतल्या ‘आप’च्या सवयीने ‘आपण’ म्हणाला, तर तो उपरोध नव्हे, निव्वळ अदब असते. तेव्हा रागावण्यापूर्वी बोलणाऱ्याची घरची बोली कोणती, एवढे मनाशी विचारावे.