आधी मागणी वाचा, मग ऑफर पाठवा

एका छोट्या संस्थेला आरोग्यविषयक इंग्रजी पुस्तिका मराठीत करून हवी आहे, असं समजा. ‘मराठी मातृभाषा असलेला अनुवादक हवा. मशीनने केलेला अनुवाद चालणार नाही. आधीच्या कामाचा एक नमुना जोडा,’ असं स्पष्ट लिहून संस्था फ्रीलान्सिंगच्या साइटवर मागणी टाकते. थोड्याच वेळात ऑफर येऊ लागतात. पहिला लोगो करून द्यायला तयार असतो. दुसरा वेबसाइट बनवतो. तिसऱ्याच्या यादीत तीस भाषा असतात. चौथ्याचं पत्र नीटनेटकं असतं, पण त्यात मराठीचं नावही नसतं. नमुना कुणीच जोडलेला नसतो.

हे उदाहरण कल्पित असलं, तरी ऑनलाइन बाजारात काम देणाऱ्यांना हा अनुभव नेहमीचा आहे. याला आळस म्हणून सोडून देता येत नाही. यात सर्वांत जास्त भरडला जातो तो मागणी नीट वाचून, विचार करून उत्तर लिहिणारा नवा माणूस.

पाठवणं फुकट, वाचणं महाग

घरबसल्या परदेशातलं काम मिळवून देणारे हे बाजार आता चांगलेच जुने झाले आहेत. इलान्स 1999 मध्ये आणि ओडेस्क 2003 मध्ये सुरू झालं. पुढे दोन्ही एकत्र आली आणि 2015 मध्ये त्यांचं ‘अपवर्क’ झालं. इस्रायलमध्ये 2010 साली सुरू झालेल्या ‘फायव्हर’वर सुरुवातीला प्रत्येक काम पाच डॉलरचं असे, नावही त्यावरूनच पडलं. पुढे तिथे ग्राहकांना आपली गरज लिहून टाकण्याची सोय मिळाली. विक्रेत्याला दिवसाला दहा ऑफर पाठवता येत, त्याही विनामूल्य.

अडचण इथेच सुरू झाली. दहाची मर्यादा हे अनेकांच्या मनात रोजचं उद्दिष्ट बनलं. आपल्या कौशल्याला जुळणाऱ्या दोनच मागण्या दिसल्या, तरी उरलेल्या आठ ऑफर कुठे ना कुठे पाठवायच्याच, कारण पाठवायला काही लागत नाही आणि चुकून एखादं काम लागलं तर फायदाच. शंभर ठिकाणी पाठवा, एक तरी लागेल, हा सल्लाही हातोहात पसरला. नव्या माणसाच्या प्रोफाइलवर एकही रिव्ह्यू नसतो. रिव्ह्यू नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून रिव्ह्यू नाही, या कोंडीत अडकलेल्याला तो सल्ला पटतो. त्याची धडपड समजण्यासारखी आहे.

पण पाठवणाऱ्याने वाचवलेली मेहनत ग्राहकाच्या माथी येते. पन्नास ऑफर आल्या तर ग्राहक सगळ्या वाचत नाही. वरच्या पाच-दहा चाळतो, ओळखीच्या माणसाला विचारतो किंवा भरपूर रिव्ह्यू असलेल्याला काम देऊन मोकळा होतो. मनापासून लिहिलेली एकविसावी ऑफर उघडलीच जात नाही. आपलं लिखाण कमी पडलं, असं त्या नवख्याला वाटतं आणि पुढच्या वेळी तोही साचेबंद मजकूर चिकटवू लागतो.

अर्थतज्ज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन असंच काही दाखवलं होतं. चांगला माल आणि वाईट माल यांतला फरक खरेदीदाराला ओळखता आला नाही, तर तो सगळ्यांनाच कमी भाव देतो आणि चांगला माल विकणारा बाजारातून उठून जातो. या विचाराला 2001 चं नोबेल मिळालं. ऑफरींच्या गर्दीतही जाणता माणूस असाच बाहेर पडतो.

पैसे लावून काय साधलं?

कंपन्यांनी यावर उपाय केले. अपवर्कवर अर्ज करायला ‘कनेक्ट्स’ (अर्जासाठीचे टोकन) लागतात. 2019 पर्यंत साध्या सभासदाला ते महिन्याला 60 फुकट मिळत. त्यानंतर प्रत्येक कनेक्टला 15 सेंट मोजावे लागू लागले. एका अर्जाला 16 कनेक्ट्स लागले, तर 2.40 डॉलर, म्हणजे सुमारे दोनशे रुपये होतात. फायव्हरने 2022 च्या सुमारास खुल्या मागण्यांची जुनी पद्धत मोडीत काढली आणि ग्राहकाची गरज निवडक विक्रेत्यांशी जुळवून देण्याकडे मोर्चा वळवला.

अर्जाला पैसे पडले की माणूस दोनदा विचार करतो, हे खरं. पण दोनशे रुपये न्यूयॉर्कमधल्या डिझायनरला आणि नांदेडमधल्या पहिलं काम शोधणाऱ्या मुलीला सारखे नसतात. शिवाय अर्ज वर दिसावा म्हणून आणखी कनेक्ट्स लावण्याची सोय आली, तेव्हा खिशातल्या पैशालाही वजन आलं. आणि 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून व्याकरणशुद्ध, मागणीतलेच शब्द पेरलेलं पत्र क्षणात तयार होतं. पूर्वी नेटकं पत्र म्हणजे ‘याने मागणी वाचली आहे’ असा पुरावा होता. आता तो पुरेसा नाही.

मग करायचं काय?

फ्रीलान्सरने पाठवण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत: हे काम मला येतं का? असं काम मी केलेलं दाखवू शकतो का? ग्राहकाने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मी दिलं आहे का? एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं, तर ऑफर पाठवू नये. ग्राहकाला यादीत पत्राच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात. तिथे ‘मला दहा वर्षांचा अनुभव आहे’ असं लिहिण्याऐवजी त्याच्या कामाबद्दल लिहावं. आरोग्य पुस्तिकेसाठी अर्ज करणाऱ्याने ‘तुमची पुस्तिका गावातल्या आशाताई वाचणार असतील, तर वैद्यकीय संज्ञांबरोबर बोलीतले शब्दही द्यावे लागतील’ एवढं लिहिलं, तरी त्याने कामाचा विचार केल्याचं कळतं. रिव्ह्यू नसेल, तर दिलेल्या मजकुरातला एक परिच्छेद करून जोडावा. नवख्याला यापेक्षा भक्कम ओळख नाही.

ग्राहकाचीही जबाबदारी आहे. ‘चांगला लेखक हवा’ एवढंच लिहिलं, तर मोघम उत्तरंच येणार. विषय, शब्दसंख्या, मुदत आणि मोबदल्याचा अंदाज स्पष्ट द्यावा. अनेक ग्राहक मागणीच्या शेवटी ‘पत्राची सुरुवात अमुक शब्दाने करा’ अशी अट घालतात. त्याने न वाचणारे काही गळतात, पण कामाविषयीचा एक खरा प्रश्न त्याहून उपयोगी पडतो. नमुना हवा असेल तर तो छोटा असावा, आणि मोठा हवा असेल तर त्याचे पैसे द्यावेत.

कंपन्यांनी केवळ अर्जाची किंमत वाढवत राहू नये. असंबद्ध ऑफर आल्याचं ग्राहकाला एका क्लिकमध्ये कळवता यावं, तेच तेच करणाऱ्याच्या ऑफरींवर मर्यादा यावी आणि नेमकं लिहिणाऱ्या नवख्याला रिव्ह्यू नसतानाही वर जागा मिळावी.

लहान गावातल्या मुलामुलींना ओळखपाळख नसताना जगभरातलं काम मिळू शकतं, ही या बाजाराची मोठी देणगी आहे. ती टिकायची तर ग्राहकाला ऑफर उघडावीशी वाटली पाहिजे. दिवसाला दहा ठिकाणी तोच मजकूर पाठवण्यात जाणारा वेळ दोन मागण्या नीट वाचण्यात घातला, तर फायदा पाठवणाऱ्याचाच होतो, आणि त्याच्या मागून येणाऱ्या नव्या माणसाचाही.