‘टेक’ : एका इंग्रजी क्रियापदाचे घेणे-देणे

आपल्या शाळेतून दहावी झालेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला ‘टेक’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ विचारावा, तो क्षणाचाही विलंब न लावता ‘घेणे’ असे सांगेल. उत्तर बरोबर आहे. परंतु एवढ्याच शिदोरीवर इंग्रजी वाचू पाहणारा विद्यार्थी पहिल्याच पानावर अडखळतो. इतिहासाच्या शिक्षकाने इंग्रजीच्या प्रांतात कशाला यावे, असे माझे काही सहकारी म्हणतील. शब्दांनाही इतिहास असतो, आणि या शब्दाची वाट आपल्या समाजाच्या इतिहासाला दोन-तीन ठिकाणी ओलांडून जाते, एवढेच माझे उत्तर आहे.

प्रथम जवळचेच उदाहरण घेऊ. दरवर्षी माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात कचारगडची यात्रा भरते. गोंड बांधवांचे हे आद्य श्रद्धास्थान. महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणापासून लोक येथे येतात. या यात्रेचे साधे वर्णन विद्यार्थ्याला इंग्रजीत लिहावयाचे आहे असे समजा. गोंदियाहून दरेकशाची गाडी आपण मराठीत ‘पकडतो’, इंग्रज तेथे ‘टेक’ म्हणतो. प्रवासाला वेळ ‘लागतो’, तेथेही ‘टेक’. पुढे धनेगावकडून डोंगराची वाट आपण ‘धरतो’, थकलेल्या आजीला हाताला धरून वर ‘नेतो’, मध्येच थांबून दम ‘खातो’, पायांतील जोडे ‘काढतो’ आणि गुहेच्या तोंडाशी उभे राहून छायाचित्रही ‘काढतो’. पकडणे, लागणे, धरणे, नेणे, खाणे, काढणे : आपली सहा क्रियापदे, आणि त्या सर्वांच्या जागी इंग्रजाचे एकच. जोड्यांसाठी तो ‘ऑफ’ हे शेपूट तेवढे जोडतो. गंमत अशी की जेथे आपण खरोखर ‘घेणे’ वापरतो, ते ‘दर्शन घेणे’, तेथे मात्र तो ‘टेक’ म्हणत नाही. ‘टेक दर्शन’ हा प्रयोग आपल्या भारतीय इंग्रजीचा आहे. (मराठीतील ‘टेक’ म्हणजे निर्धार, किंवा माथा टेकणे आणि टेकडी, यांचे या शब्दाशी काही नाते नाही, हेही येथेच सांगून टाकतो, वर्गात हा प्रश्न हमखास येतो.)

हे ऐकून इंग्रजीविषयी धास्ती वाटण्याचे कारण नाही. आपल्या ‘लागणे’ या क्रियापदाकडे पाहावे. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, डोळा लागतो, नोकरी लागते, नात्याने कोणी मामा लागतो. ‘गाडी लागली’ या दोनच शब्दांत गाडी फलाटावर आल्याचे सांगता येते आणि प्रवाशाला मळमळल्याचेही. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाने हे कसे पाठ करावे? आपल्या वसतिगृहात येणाऱ्या अनेक मुलांच्या घरी गोंडी, पोवारी किंवा छत्तीसगढी बोलली जाते. त्यांच्यासाठी शाळेची मराठी हीच शिकून घ्यावयाची भाषा आहे. ज्या मुलाने ‘लागणे’ पचविले, त्याला ‘टेक’ जड जाण्याचे कारण नाही. मात्र शब्दाला एकच अर्थ चिकटवून पाठ करण्याची आपली सवय त्याने आधी सोडली पाहिजे.

आता या शब्दाची कूळकथा. आज इंग्रजीतील अत्यंत नेहमीच्या क्रियापदांत गणला जाणारा हा शब्द मुळात इंग्रजीचा नाही. जुन्या इंग्रजीत घेणे या अर्थी ‘निमान’ हे क्रियापद होते. जर्मन भाषेत त्याचे भावंड ‘नेमेन’ आजही नांदते आहे. नवव्या शतकात स्कँडिनेव्हियातील व्हायकिंग लोकांनी इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत स्वाऱ्या केल्या आणि पुढे तेथेच वस्ती केली. त्यांचा ‘टाका’ हा शब्द इंग्रजांच्या तोंडी रुळला आणि काही शतकांत ‘निमान’ प्रचारातून उठून गेला. त्याचे दोन अवशेष मात्र उरले. ‘निंबल’, म्हणजे चपळ, हा मूळचा चटकन घेणारा. आणि ‘नंब’, म्हणजे बधिर, हा मूळचा संवेदना घेतली गेलेला. दात काढण्यापूर्वी डॉक्टर हिरडी ‘नंब’ करतात, तेव्हा हजार वर्षांपूर्वीचे एक मावळलेले क्रियापद आपल्या तोंडात असते. ‘टेक’चा भूतकाळ ‘टेक्ड’ न होता ‘टुक’ होतो, तोही याच जुन्या वारशामुळे. मूळ भाषेतील स्वर बदलण्याची रीत शब्दाबरोबर आली.

याहून मागे गेले की एक विलक्षण गोष्ट हाती येते. चौथ्या शतकात वुल्फिला या धर्मोपदेशकाने बायबलचा अनुवाद गॉथिक भाषेत केला. त्या भाषेत या शब्दाचे जे भावंड आढळते, त्याचा अर्थ ‘घेणे’ नसून ‘स्पर्श करणे’ असा आहे. येशूच्या वस्त्राला एक आजारी स्त्री हात लावते, त्या प्रसंगी हेच क्रियापद येते. आधी स्पर्श, मग धरणे, मग घेणे, असा अर्थाचा प्रवास झालेला दिसतो. ज्या समाजाचा स्पर्शच शतकानुशतके नाकारला गेला, त्या समाजातील वाचकाला हा प्रवास केवळ भाषाशास्त्रातील एक नोंद म्हणून वाचता येणार नाही.

याच संदर्भात ‘पाणी घेणे’ या शब्दांकडे पाहू. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आपला गोंदिया परिसर तेव्हा याच प्रांतात होता. ब्राह्मण कोणाच्या हातचे पाणी घेतो आणि कोणाच्या हातचे घेत नाही, यावरून जातींची प्रतवारी लावण्याची पद्धत त्या ग्रंथात दिसते. तेथील ‘टेक’चा अर्थ स्वीकारणे, देणारा हात खाली, आणि घ्यावे की घेऊ नये हे ठरविणारा वर. आता महाडकडे चला. मुंबई कायदे मंडळाने १९२३ मध्ये बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले होते आणि महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. कागदावर पाणी दिले गेले होते. प्रत्यक्षात कोणाला घेता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि त्यांच्यामागून हजारोंनी घेतले. येथेही इंग्रजी क्रियापद तेच, पण देणारा हात कोठेच नाही. त्यानंतर सवर्णांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले, कारण त्यांच्या लेखी पाणी घेणे म्हणजे पाण्याला शिवणे होते. उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागण्यास १९३७ साल उजाडले.

मिळाले, स्वीकारले, उचलले की हिसकावले, हे ‘टेक’ आपण होऊन सांगत नाही. मराठीत आपण या क्रियांना वेगवेगळे शब्द वापरतो, म्हणून इंग्रजी इतिहासग्रंथ वाचताना प्रत्येक वेळी थांबून पाहावे लागते. नागपूरकर भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी १८५४ मध्ये वारस नसल्याचे कारण दाखवून खालसा केले. याला इंग्रजीत ‘टेक ओव्हर’ म्हणता येते, आणि नव्या मुख्याध्यापकाने शाळेचा कार्यभार स्वीकारला यालाही ‘टेक ओव्हर’च म्हणतात. ‘टेक ॲडव्हान्टेज’ हा प्रयोग तर आमच्या मुलांनी विशेष जपून वाचावा. संधीचा लाभ घेणे आणि दुसऱ्याचा गैरफायदा घेणे, दोन्ही त्यात बसते. घटनेने दिलेल्या हक्काविषयी कोणी हे शब्द वापरले, तर त्यातला कोणता अर्थ त्याच्या मनात आहे, हे पुढचे वाक्य वाचल्याखेरीज कळत नाही.

शेपूट जोडलेल्या प्रयोगांची यादी पाठ करण्यापेक्षा गोष्ट सांगून ते शिकवावेत, असा माझा अनुभव आहे. गोंडी परंपरेतील कथेनुसार काली कंकालीची मुले कचारगडच्या गुहेत कोंडली गेली होती. हिरासुका पाटालीरचे संगीत, जंगो रायतारची माया आणि पहांदी पारी कुपार लिंगोची प्रज्ञा यांमुळे ती मुक्त झाली. या कथेत मुलांना कैद करणे ‘टेक कॅप्टिव्ह’, गुहेच्या तोंडावरची शिळा दूर करणे ‘टेक अवे’, अनाथांना मायेने जवळ करणे ‘टेक इन’. हाच ‘टेक इन’ फसविणे या अर्थीही येतो, हे सांगितले की वर्ग एकदम जागा होतो. मूल आईवर गेले असेल तर ‘टेक आफ्टर’. तेथे घेणे कोठेच दिसत नाही.

सर्वांत अधिक गोंधळ होतो तो परीक्षेचा. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक घेतो. इंग्रजीत नेमके उलट : विद्यार्थी ‘टेक’ करतो, शिक्षक ‘गिव्ह’ करतो. आपल्या एका माजी विद्यार्थ्याने मुलाखतीत ‘आय गेव्ह द एक्झाम’ असे म्हटल्यावर समोरच्या मंडळींत हशा पिकला. उमेदवाराचे ज्ञान तपासावयास बसलेल्यांनी हसण्यासारखे त्यात काय होते, हे मला आजही उमगलेले नाही. आपल्या भाषेत परीक्षार्थी स्वतःजवळचे काही पुढे ठेवतो, म्हणून तो देणारा; इंग्रजीत प्रश्नपत्रिका हाती घेतो, म्हणून तो घेणारा. दोन्ही भाषा आपापल्या जागी बरोबर आहेत. मात्र इंग्रजी बोलताना इंग्रजीचीच रीत पाळावी, हे मी विद्यार्थ्यांना निक्षून सांगतो. हसणाऱ्यांना निमित्त का द्यावे?

शेवटी एक प्रश्न, जो पालक मेळाव्यांत अनेकदा विचारला जातो : त्रिशरणाचा इंग्रजी अनुवाद करताना कोणते क्रियापद योजावे? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि त्याच दिवशी आपल्या लक्षावधी अनुयायांना बावीस प्रतिज्ञांसह दिली. दीक्षा घेण्याला इंग्रजीत ‘टेक’ चालते. मात्र ‘शरणं गच्छामि’ यातील पाली क्रियापद जाण्याचे आहे. इंग्रजी पुस्तकांत ‘टेक रेफ्यूज’ आणि ‘गो फॉर रेफ्यूज’ असे दोन्ही अनुवाद आढळतात. पहिला इंग्रजीच्या अंगवळणी पडलेला, दुसरा पालीला धरून. चालत जाणारा ‘गच्छामि’तच दिसतो, म्हणून वर्गात मी दुसरा अनुवाद लिहून देतो, पहिला लिहिणाऱ्याचे गुण कापत नाही.