रानपाखरांचे छायाचित्रण



सभागृहाबाहेर झाडावर मघापासून एक कोकीळ ओरडत आहे. त्याचा आवाज आपण सर्वांनी ऐकला. पण त्याचे डोळे लालभडक असतात, हे आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले आहे? आणि त्याची मादी काळी नसून तपकिरी अंगावर पांढरे ठिपके ल्यालेली असते, हे कितीजणांना ठाऊक आहे? लहानपणापासून ज्याचा शब्द कानी पडतो तो पक्षी आपण नीट पाहिलेलाच नसतो. मलाही कोकिळेचे ठिपके दिसले ते कॅमेरा हाती आल्यावर. माझ्या आजच्या विषयाचे सगळे प्रयोजन ह्या एका गोष्टीत आहे. छायाचित्रणाचा छंद माणसाला पाहावयास शिकवतो. चित्र हे त्या पाहण्याचे फळ होय. आणि ते फळ कोणत्या किमतीस घ्यावे व कोणत्या किमतीस घेऊ नये, हेही आज मला सांगावयाचे आहे.

उष्ण कटिबंधातील पक्षी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ॲमेझॉनची अरण्ये आणि रंगीबेरंगी पोपट उभे राहतात. परंतु नकाशा पाहा. कर्कवृत्त आपल्या राज्याच्या उत्तरेकडून, मध्य प्रदेशातून जाते. म्हणजे आपला सबंध महाराष्ट्र उष्ण कटिबंधातच आहे, आणि आपल्या परसातला बुलबुल हाही त्या कटिबंधाचाच रहिवासी आहे. मृगाच्या सुमारास कोकणातल्या रानात नवरंग येतो. ओढ्याकाठच्या दरडीत बीळ करणारा, चिमणीएवढा तिबोटी खंड्या त्याच दिवसांत दिसू लागतो. निळा, जांभळा, नारिंगी असे इतके रंग एवढ्याशा अंगावर कसे मावले, ह्याचे नवल वाटावे असा हा पक्षी! त्याला पाहण्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नाही.

एके काळी पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे बंदुकीचा अभ्यास होता. पक्षी मारायचा, त्याची कातडी भरायची, चिठ्ठी बांधून संग्रहालयात ठेवायची. डॉ. सालिम अली ह्यांची कहाणी सर्वांस ठाऊक आहे. १९०८ साली छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली, गळ्याशी पिवळा डाग असलेली एक चिमणी घेऊन हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला, आणि तिथून त्याच्या आयुष्याला वळण लागले. इंग्लंडात तोपर्यंत कीर्टन बंधूंनी दुसरी वाट पाडली होती. १८९५ साली त्यांनी घरट्यांचे जे पुस्तक काढले ते सर्वस्वी छायाचित्रांनी सजवलेले होते. पक्षी बुजू नयेत म्हणून हे गृहस्थ बैलाच्या पोकळ कातड्यात शिरून उभे राहत! आशियात हा छंद थोर पदाला नेला तो सिंगापूरच्या लोक वान थो ह्यांनी. हा चित्रपटव्यवसायातला धनिक १९४२ साली महायुद्धाच्या धामधुमीत जखमी होऊन हिंदुस्थानात आला, सालिम अलींना भेटला, आणि त्यांच्याबरोबर रानोमाळ हिंडून पक्ष्यांचा छायाचित्रकार झाला. १९५७ साली त्याचे पुस्तक निघाले. १९६४ साली विमान-अपघातात त्याचा अंत झाला.

छायाचित्राने शास्त्राची केवढी सेवा होते, ह्याचे उदाहरण आपल्या खानदेशातच आहे. वनपिंगळा नावाचे एक लहानसे घुबड आहे. १८७३ साली ह्यूमने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. १८८४ नंतर तो कोणासही खात्रीलायक दिसला नाही. पुढे कर्नल माइनर्ट्झहॅगन ह्या इंग्रजाने १९१४ साली तो गुजरातेत मिळवल्याची चिठ्ठी बांधलेले एक कातडे दाखवले. त्या चिठ्ठीवर विसंबून शोध चालला, आणि तो निष्फळ झाला. अखेर पामेला रासमुसेन ह्या विदुषीने ते कातडे बारकाईने तपासले. ते १८८०च्या दशकातले, संग्रहालयातून चोरून नव्याने शिवलेले निघाले! मग खोटी चिठ्ठी बाजूस ठेवून जुन्या खऱ्या नोंदींच्या मागाने ती आणि तिचे दोन सोबती निघाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी वनपिंगळा जिवंत सापडला. त्यांनी त्याची छायाचित्रे घेतली आणि चलत्‌चित्रणही केले. एकशे तेरा वर्षांनी पुरावा मिळाला, आणि त्यासाठी एकही पक्षी मारावा लागला नाही. मेलेल्या पक्ष्याच्या अंगावरची चिठ्ठी खोटी ठरली. जिवंत पक्ष्याच्या चित्राने खरे सांगितले.

आता हा छंद करावा कसा? प्रथम साधनाचा विचार करू. पक्षी लहान आणि दूर, म्हणून लांब पल्ल्याचे भिंग लागते. ५० मिलिमीटरच्या नेहमीच्या भिंगापेक्षा ४०० मिलिमीटरचे भिंग पक्षी आठपट मोठा दाखवते. परंतु एक साधे गणित ध्यानात ठेवा: अंतर निम्मे झाले की चित्रातला पक्षी लांबीने दुप्पट आणि क्षेत्रफळाने चौपट होतो. म्हणून महागडे भिंग घेणाऱ्यापेक्षा पक्ष्याचा विश्वास मिळवणारा पुष्कळदा अधिक चांगले चित्र काढतो.

दुसरा विचार प्रकाशाचा. आपल्याकडे सूर्य झटकन माथ्यावर चढतो. सकाळी नऊनंतर उजेड कडक होतो, पक्ष्याच्या पोटाखाली काळी सावली पडते आणि माळावर तापलेल्या हवेच्या लाटांनी चित्र थरथरते. म्हणून सूर्योदयापासून नऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर, हाच आपला काळ. दाट रानात नेमकी उलट अडचण असते. तिथे भरदिवसाही अंधार. पक्षी मात्र क्षणभर स्थिर नाही. उडत्या पक्ष्यास सेकंदाचा १/१००० भाग पुरे म्हणावा, बसलेल्यास १/२५० चालेल. तेवढा उजेड रानात नसतो. पूर्वी ह्यासाठी झगझगीत दिवे उडवावे लागत. आजचे अंकीय कॅमेरे मंद उजेडातही चित्र टिपतात, त्यामुळे पक्ष्याच्या डोळ्यांवर दिवा मारण्याचे कारण बरेचसे उरलेले नाही.

तिसरी गोष्ट कॅमेऱ्याच्या एका भाबडेपणाची. समोरचे सर्व जग सरासरीने राखी आहे असे हे यंत्र समजते. म्हणून शुभ्र बगळा चौकट भरून बसला की ते उजेड कमी करते आणि बगळा मळकट येतो. काळा कोतवाल बसला की ते उजेड वाढवते आणि कोतवाल धुरकट येतो. तेव्हा बगळ्याला उजेड थोडा जास्त द्यावा, कोतवालाला थोडा कमी. आणखी एक गंमत सांगतो. खंड्याच्या पाठीचा निळा रंग हा रंगद्रव्याचा नव्हेच. पिसांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश विखुरतो आणि निळा तेवढा आपल्या डोळ्यांकडे परततो. तेच पीस उजेडापुढे धरून आरपार पाहिले तर निळाई नाहीशी होते. म्हणून असा पक्षी टिपताना सूर्य आपल्या पाठीशी असावा.

आणि पावसाळ्याची एक सूचना. आपल्या दमट हवेत भिंगाला बुरशी लागते. एक घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या एवढे केले तर हजारोंचे नुकसान टळते.

पण सर्वांत मोठे साधन म्हणजे पक्ष्याची माहिती. पक्ष्याच्या मागे धावू नये. तो जिथे येणार तिथे आधी जाऊन बसावे. माघ-फाल्गुनात सावर आणि पांगारा फुलतो. त्या एका झाडाखाली सकाळचे दोन तास बसा. मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर सगळे मधासाठी येऊन जातील. उंबर-वड पिकला की तांबट आणि हरोळ्या येतात. उन्हाळ्यात रानातले एखादे डबके पुरते. तिथे पानाच्या रंगाच्या कापडाचे लपण उभारावे आणि एक जुनी युक्ती करावी: लपणात दोघांनी शिरावे आणि थोड्या वेळाने एकाने उघडपणे निघून जावे. पक्ष्यांना बेरीज-वजाबाकी बहुधा जमत नाही. माणूस गेला असे समजून ते निर्धास्त होतात. सालिम अलींनी १९३० साली अलिबागजवळ किहीमला सुगरणींच्या वसाहतीपाशी असाच ठिय्या मारला, आणि सुगरण नर एकामागून एक घरटी विणतो व प्रत्येक घरट्याबरोबर नवी मादी मिळवतो, ही मौजेची गोष्ट जगास कळली. नुसते बसून राहण्यात किती मिळकत आहे पाहा!

आता ज्यासाठी हे व्याख्यान मी पत्करले, त्या गोष्टीकडे येतो. नवशिक्यास सर्वांत मोठा मोह पडतो तो घरट्याचा. रानात पक्षी सापडत नाही. घरट्यावर मात्र तो पुन्हा पुन्हा येतो. चित्र हमखास मिळते. मलाही तो मोह पडला होता.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची, वैशाखातली गोष्ट. नदीकाठच्या खडकाळ माळावर मला टिटवीची चार अंडी सापडली. आपणांस ठाऊक आहे की टिटवी घरटे बांधत नाही. खड्यांतच अंडी घालते आणि ती खड्यांसारखीच दिसतात. मी दहा पावलांवर तंबू ठोकला. सकाळचा उजेड गेला तरी टिटवी अंड्यांवर येईना. ती दुरून ओरडत होती. मला वाटले, थोडा धीर धरावा, येईलच. दीड तास मी धीर धरला. अखेर ती आली आणि अंड्यांवर उभी राहिली. बसली नाही, पंख किंचित पसरून उभी राहिली. किती डौलदार पवित्रा, असे म्हणून मी चित्र टिपले. पुढे एका प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळाले.

त्या पवित्र्याचा अर्थ मला नंतर कळला. थंड देशातला पक्षी अंड्यांवर बसतो तो त्यांना ऊब देण्यासाठी. आपल्याकडे वैशाखातल्या दुपारी टिटवी अंड्यांवर उभी राहते ती त्यांना सावली देण्यासाठी! इतकेच नव्हे, पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून आणून ती अंडी गार करते. अंड्यातला जीव चाळीस-बेचाळीस अंशांपलीकडे फार वेळ तग धरत नाही, आणि वैशाखातल्या माळाची जमीन भर उन्हात पन्नास अंशांच्याही वर तापते. टिटवीची अंडी उबण्यास सुमारे चार आठवडे लागतात. मी महिनाभराने पुन्हा तिथे गेलो. तीन अंडी जशीच्या तशी पडली होती, चौथे कोणी नेले होते. माझ्या दीड तासाने ती मेली, हे मी न्यायालयात सिद्ध करू शकणार नाही. पण मला संशय उरलेला नाही. ते बक्षीसपात्र चित्र मी भिंतीवरून उतरवून ठेवले.

धनेशाची गोष्ट ह्याहून नाजूक. त्याची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा-मातीने दार लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. आत तिची उडण्याची पिसे गळतात. कित्येक आठवडे ती आणि पुढे तिचे पिल्लू सर्वस्वी नराच्या चोचीवर जगतात. त्या झाडाखाली आपण गर्दी केली आणि नर बुजून फिरकला नाही, तर आत कोंडलेल्यांनी काय करावे? आपण त्या ढोलीच्या दाराला हातसुद्धा लावलेला नसतो, तरी ते उपाशी राहतात.

हल्ली आणखी एक रीत निघाली आहे. खिशातल्या फोनवर पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवायचा. आपल्या हद्दीत परका नर शिरला असे वाटून बिचारा धावत येतो. पिल्लांना भरवण्याचा वेळ तो नसलेल्या शत्रूशी भांडण्यात घालवतो. घरट्यावरची फांदी नीट दिसावे म्हणून बाजूला बांधणे हेही तसेच. आपल्याला घरटे उघडे दिसते, तसे ते कावळ्यालाही दिसते. आणि हा केवळ दयाबुद्धीचा प्रश्न आहे असे समजू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ ह्या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत रानपक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणे हेही येते. म्हणजे बंदूक टाकून कॅमेरा घेतलेला माणूसही शिकारी ठरू शकतो!

तर मग नियम कोणता? मी माझ्यापुरता एकच केला आहे. मी आल्यामुळे पक्षी जे करीत होता ते त्याने थांबवले, तर मी फार जवळ आलो. दोन पावले मागे जावे. तो पुन्हा खाऊ लागला, गाऊ लागला, पिसे विंचरू लागला, म्हणजे त्याने आपल्याला बसावयाची परवानगी दिली. घरट्याजवळ तो नियमही पुरत नाही. तिथून निघूनच जावे.

परीक्षा संपल्या आहेत. आपल्यापैकी अनेकजण मुलांना घेऊन कोकणात, घाटावर, आपापल्या गावी जातील. घराघरांत आज कॅमेरा आहे, आणि नेमके हेच दिवस पाखरांच्या विणीचे आहेत. मुलांना अवश्य पाखरे दाखवा. चित्राबरोबर एक वहीही द्या: तारीख, जागा, पक्षी काय करीत होता, कोणत्या झाडावर होता, हे त्यांना लिहू द्या. ती वही दहा वर्षांनी त्या चित्रांपेक्षा मोलाची ठरेल. आणि एखाद्या मुलाने धावत येऊन घरटे सापडल्याचे सांगितले, तर त्याला शाबासकी द्या आणि म्हणा, “दुरून पाहू, आणि कोणाला सांगायचे नाही.”

माझ्या घरी टिटवीचे आता दुसरे चित्र आहे. त्यात ती फार लहान, दूरवर, चिखलात चालताना दिसते. पाहुणे विचारतात, हे का लावले आहे? तिच्या मागे तिची तीन पिल्ले चालली आहेत. जरा जवळ जाऊन पाहिले की दिसतात.