फंक बेटावरची माती

न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर, भर अटलांटिकमध्ये, फंक नावाचं इवलंसं बेट आहे. सगळा बोडका खडक, पण एका भागात माती आहे आणि तिच्यावर हिरवळही उगवते. ही माती पक्ष्यांची आहे. ग्रेट ऑक या न उडणाऱ्या समुद्रपक्ष्याची असंख्य कलेवरं तिथे कुजली, त्यांचीच ती झाली. आता तिच्यात पफिन पक्षी बिळं करतात, आणि उकरलेल्या मातीबरोबर ऑकची हाडं वर येतात.

त्यातलं पंखाचं एखादं हाड नीट पाहावं. आखूड, चपटं, जाड भिंतीचं. हवेत तरंगायला अगदी निरुपयोगी, पण पाण्याखाली वल्ह्यासारखं चालणारं! पाऊण मीटरहून उंच, पाचेक किलो वजनाचा हा पक्षी माशांमागे खोल बुडी मारायचा. जमिनीवर यायचा तो फक्त अंडं घालायला, आणि तिथेच माणसाच्या हाती सापडायचा.

माणसाशी त्याची ओळख फार जुनी. जिब्राल्टरच्या गुहांमध्ये त्याची हाडं सापडली आहेत. फ्रान्समध्ये मार्सेयजवळच्या कोस्केर गुहेत, जिचं तोंड आज समुद्राखाली ३७ मीटरवर आहे, हिमयुगातल्या कुणीतरी भिंतीवर त्याची चित्रं काढली. भूमध्य समुद्रात ऑक! आणि न्यूफाउंडलंडमधल्याच पोर्ट ओ शुआ इथे, सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या एका दफनात, मृतासोबत ऑकच्या २०० हून अधिक चोची निघाल्या. बहुधा त्या पक्ष्यांच्या कातड्याच्या झग्याला लावलेल्या असाव्यात. कुणासाठी तरी इतके पक्षी जमवले गेले, यातली माया मला त्या चोचींपेक्षाही मोठी वाटते.

फंकवर पुढे पिसांसाठी कत्तल झाली. बेटावर लाकूड नाही, म्हणून पिसं सैल करायचं पाणी तापवायला याच पक्ष्यांची चरबी जाळली. १८०० च्या सुमारास ती वसाहत संपली. १८४४ च्या जूनमध्ये आइसलंडजवळच्या एल्डे बेटावर शेवटची ज्ञात जोडी मारली गेली.

जात आधीच खंगत चालली होती का? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ४१ ऑकच्या अवशेषांतला डीएनए तपासला गेला, त्यात बरीच हाडं उत्खननांतली होती. शिकारीचा जोर वाढण्याआधी संख्या घटत असल्याची खूण त्यात मिळाली नाही. पक्षी भरपूर होते, वंशातली विविधताही चांगली होती. त्यांना संपवायला एकटी शिकार पुरेशी होती.