चेहरा म्हणजे पुरावा नव्हे
लेखमाला : कायदा आणि आपण – लेखांक ९

मागच्या लेखांकात आपण अटकेच्या वेळी पोलिसांनी पाळायचे नियम पाहिले. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली घालून दिलेले ते नियम अटकेच्या क्षणापासून लागू होतात. पोलिसाची नजर मात्र माणसावर त्याआधीच पडलेली असते. भर रस्त्यात शंभर माणसं चालत असताना नेमकं कोणाला थांबवायचं, कोणाची पिशवी उघडायची, कोणाची तक्रार लिहून घ्यायची आणि कोणाला चौकशीला बसवायचं, हे कशावरून ठरतं? या आठवड्यात त्याविषयी. उदाहरणं मुख्यतः बेंगळुरूची आहेत. देशभरातले आणि परदेशातलेही तरुण जिथे शिकायला आणि कमवायला येतात, त्या शहरात हा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आला आहे.

हेसरघट्टा रस्त्यावर

३१ जानेवारी २०१६, रविवारची संध्याकाळ. बेंगळुरूच्या वायव्य टोकाला, सोलदेवनहळ्ळी पोलीस ठाण्याच्या हद्दीत, एका सुदानी तरुणाच्या मोटारीखाली सापडून एक स्थानिक महिला दगावली. लोक खवळले. त्यांनी चालकाला चोपलं, गाडी पेटवून दिली. साधारण अर्ध्या तासाने त्याच रस्त्यावर दुसरी मोटार आली. तीत टांझानियाची एकवीस वर्षांची विद्यार्थिनी आणि तिचे मित्र होते. अपघाताशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. सुदानचं खार्टूम आणि टांझानियाचं दार-एस-सलाम या शहरांत सुमारे अडीच हजार किलोमीटरचं अंतर आहे. जमावाला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. रंग तोच होता, तेवढं पुरलं.

तिच्या म्हणण्यानुसार तिला मारहाण झाली, अंगावरचा टॉप फाडला गेला. जीव वाचवायला ती बसमध्ये चढू लागली, तर आतल्या प्रवाशांनी तिला बाहेर ढकललं. एका माणसाने अंग झाकायला स्वतःचा टी-शर्ट पुढे केला, तर त्यालाही मार खावा लागला. त्यांचीही गाडी जाळली गेली. मदतीसाठी पोलिसांकडे गेल्यावर, आधी त्या अपघातवाल्याला घेऊन या, असं तिला ऐकवण्यात आलं. प्रकरण देशभर गाजलं, टांझानियाच्या उच्चायुक्तांनी लक्ष घातलं, परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी खेद व्यक्त करून कडक कारवाई करायला सांगितलं, आणि मग चक्रं हलली. हल्लेखोरांना अटक झाली, पोलीस निलंबित झाले.

कर्नाटकचे तेव्हाचे गृहमंत्री जी. परमेश्वर यांनी हा वंशद्वेष असल्याचं नाकारलं. अपघातानंतरचा तो उद्रेक होता, असं त्यांचं म्हणणं. राग अपघाताचा होता, हे मान्य करू. प्रश्न असा की तो राग तिच्यावर का निघाला? अपघात करणारा कर्नाटकातल्याच तुमकूरचा असता, तर अर्ध्या तासाने येणाऱ्या तुमकूरच्या प्रत्येक माणसाला जमावाने गाडीतून ओढलं असतं का? राग कशामुळे आला हे अपघात सांगतो. तो कोणावर काढायचा हे कातडीच्या रंगाने ठरवलं. त्या दुसऱ्या निर्णयाला वंशद्वेष म्हणतात. आणि ज्या पोलिसाला ती आणि तो सुदानी तरुण एकाच गोतावळ्यातले वाटले, त्याने जमावाचाच हिशेब सरकारी गणवेशात पुढे चालवला.

जमाव निदान रागाच्या भरात असतो. हाच हिशेब कायद्याच्या पुस्तकात थंड डोक्याने लिहिलेला आढळतो, ती गोष्ट जास्त गंभीर आहे.

वहीत नाव

१८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. काही जमाती जन्मानेच गुन्हेगार असतात असं गृहीत धरून त्यांची नावं नोंदवायची, हजेरी घ्यायची, हालचालींवर बंधनं घालायची, अशी ती व्यवस्था होती. मराठी वाचकाला ती परकी नाही. पारधी, कैकाडी अशा कितीतरी समाजांनी ती सोसली. सोलापुरात ज्या वसाहतीत या लोकांना डांबलं, तो भाग आजही सेटलमेंट म्हणून ओळखला जातो. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हे समाज कायद्याने मुक्त झाले, तरी चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जायची सवय मुक्त झाली नाही.

त्या कायद्याचा दुसरा भाग कमी परिचित आहे. तो हिजड्यांविषयी होता. त्यांचीही नोंदवही ठेवायची होती, आणि नोंद झालेली व्यक्ती बाईचे कपडे वा दागिने घालून सार्वजनिक रस्त्यावर दिसली, किंवा लोकांसमोर नाचली-गायली, तर वॉरंटाविना अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद होती. म्हणजे नोंद झाल्यावर साडी नेसून रस्त्यावर दिसणं हाच गुन्हा. चोरी नाही, मारामारी नाही. फक्त दिसणं.

हा भाग १९११ च्या कायद्यात राहिला नाही. विचार मात्र जिवंत राहिला. २०११ साली, स्वतंत्र भारतात, कर्नाटक पोलीस कायद्यात ३६-अ हे कलम घालण्यात आलं. त्याने पोलीस आयुक्तांना आपल्या हद्दीतल्या, मुलं पळवणं किंवा इतर गुन्ह्यांचा संशय असलेल्या हिजड्यांची नावं-पत्ते एका नोंदवहीत ठेवण्याचा आणि नोंद झालेल्यांना ठरावीक गोष्टींची मनाई करण्याचा अधिकार दिला. मुलं पळवणाऱ्याला पकडायला देशात आधीपासून कायदा होताच. तो कोणत्याही अपहरणकर्त्याला लागू आहे. या कलमाने नवं काय केलं? गुन्ह्याऐवजी एका समाजाला संशयाच्या यादीत बसवलं. तृतीयपंथीयांच्या संघटनेने कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिल्यावर सरकारने कलमातून हिजड्यांचा उल्लेख काढून तिथे ‘व्यक्ती’ असा शब्द घातला.

हा संशय निव्वळ कागदावर राहिला नाही. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्यात तृतीयपंथीयांचे हक्क मान्य केले. आपण कोण आहोत हे पेहरावातून, वागण्याबोलण्यातून व्यक्त करणं हा कलम १९ मधल्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग आहे, असं त्या निकालात स्पष्ट म्हटलं आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात बेंगळुरू पोलिसांनी रस्त्यारस्त्यांवरून दीडशेहून अधिक तृतीयपंथीयांना उचललं आणि भिक्षा प्रतिबंधक कायद्याखाली भिक्षेकरी केंद्रात नेऊन ठेवलं. कोणी भीक मागत होतं, कोणी बाजारात निघालं होतं. उचलताना हा फरक कोणी केला नाही. संघटनांनी आवाज उठवल्यावर त्यांची सुटका झाली. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्या कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला देवीला वाहिलेले तृतीयपंथी जोगते, जोगप्पा ठाऊक असतात. देवीच्या डोंगरावर आपण ज्यांच्या पाया पडतो, त्यांनाच शहराच्या सिग्नलवर गाडीत कोंबलं जातं. त्याच परंपरेतल्या मंजम्मा जोगती यांना पुढे २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. सन्मान झाला याचा आनंद आहे. पण रस्त्यावरून निर्धास्त चालता यावं यासाठी पद्मश्री लागू नये.

संशय घ्यायचाच नाही का?

पोलिसांचा युक्तिवाद ऐकून घ्यायला हवा. गुन्हा होण्याआधी रोखायचा तर संशय घ्यावाच लागतो, आणि अनुभवावरून अंदाज बांधावे लागतात. बेंगळुरूत व्हिसा संपलेले परदेशी आहेत, अमली पदार्थांच्या व्यवहारात पकडले गेलेलेही आहेत. हे खरं आहे. संशयाला कायद्यात जागाही आहे. मात्र तो कृतीवर, कागदावर, मिळालेल्या माहितीवर टेकलेला हवा. व्हिसा संपला हे कागद सांगतो, केसांची ठेवण सांगत नाही.

दिसण्यावरून चाललेली पोलिसी कारवाई मुळात कुचकामी असते. ज्या समाजाला पोलीस ठाण्याची पायरी चढायची भीती वाटते, त्या समाजातून साक्षीदार येत नाही, खबर येत नाही, आणि बळी पडलेला माणूसही येत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये बेंगळुरूच्या जे. सी. नगर पोलिसांनी अमली पदार्थाच्या संशयावरून पकडलेल्या काँगोच्या एका तरुणाचा कोठडीत असताना मृत्यू झाला. हृदयविकाराचा झटका आला, असं पोलिसांनी सांगितलं. ठाण्यासमोर जमलेल्या आफ्रिकी तरुणांचा त्यावर विश्वास बसला नाही, आणि त्या जमावावर लाठीमार झाला. तपास सीआयडीकडे गेला. कोठडीत नेमकं काय घडलं हे तपासाने ठरतं. पण पोलिसांच्या शब्दावर एका सबंध समाजाचा विश्वास का उरला नाही, याचं उत्तर त्याआधीच्या अनेक वर्षांत शोधावं लागतं.

ईशान्येकडच्या तरुणांचा अनुभवही याच वाटेचा आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये, आसाममधल्या हिंसाचारानंतर, हल्ले होणार अशा अफवा मोबाइलवर फिरल्या आणि काही दिवसांत हजारो जणांनी बेंगळुरू सोडलं. गुवाहाटीसाठी खास गाड्या सोडाव्या लागल्या. अफवा खोटी होती. तरी ती खरी वाटली, कारण चेहऱ्यावरून हाका मारणं, घर नाकारणं हे त्यांना रोजचं होतं.

कायद्यात काय आहे, काय नाही

संविधानाचं कलम १५ वंश, जात, जन्मस्थान यांवरून राज्यसंस्थेने भेदभाव करू नये असं सांगतं. ते संरक्षण नागरिकांना आहे. कलम १४ ची समानता आणि कलम २१ चं जीवित-स्वातंत्र्य मात्र भारताच्या भूमीवरच्या प्रत्येक व्यक्तीला मिळतं. टांझानियाच्या विद्यार्थिनीलाही ते तितकंच लागू होतं. वंशभेद नष्ट करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने १९६८ साली मान्यता दिली आहे.

जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात केसांवरून झालेल्या टिंगलीतून मारहाण होऊन अरुणाचलच्या एका तरुणाचा जीव गेला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक अपमान आणि हिंसेसाठी दंड संहितेत नवी कलमं घालण्याची शिफारस केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी वंश, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून केलेल्या खुनासाठी आणि गंभीर दुखापतीसाठी वेगळी तरतूद आली. माणूस मेल्यावर वा हाडं मोडल्यावर कायदा जागा होतो. रोजच्या वांशिक शिवीगाळीसाठी समितीने सुचवलेलं स्वतंत्र कलम मात्र आलेलं नाही. ती उणीव संसदेने भरून काढायला हवी.

आशेची एक गोष्ट पत्रकारितेशी जोडलेली आहे. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या जातीय तरतुदी रद्द केल्या, कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितलं आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होणार नाही याची काळजी घेण्याचे निर्देश पोलिसांना दिले. १८७१ च्या वहीवर इतक्या वर्षांनी ओढलेली ही रेघ महत्त्वाची आहे.

आपल्या हातात काय?

पहिली गोष्ट, तक्रार. ललिता कुमारी खटल्याच्या २०१३ च्या निकालानुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की प्राथमिक माहिती अहवाल नोंदवणं पोलिसांना बंधनकारक आहे. हद्द आपली नाही, ही सबब नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नंतर चालत नाही. ठाण्याने नकार दिला तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांकडे लेखी माहिती पाठवता येते, तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. पुण्यात मणिपूरची मुलगी किंवा नायजेरियाचा विद्यार्थी तुमच्या शेजारी राहत असेल, तर त्यांच्यासोबत ठाण्यात जा. सोबतीला स्थानिक भाषा बोलणारा माणूस असला की लिहून घेणाऱ्याचा सूर बदलतो.

दुसरी गोष्ट, प्रश्न विचारणं. तुमच्या डोळ्यांदेखत कोणाला उचललं जात असेल, तर ‘याने काय केलं?’ एवढं शांतपणे विचारा. उत्तरात कृती आली, तर पोलीस आपलं काम करत आहेत. उत्तरात वर्णन आलं, कपडे, केस, रंग, जात, तर तिथे कायद्याची हद्द ओलांडली गेली आहे, असं समजा आणि साक्षीला उभे राहा. वेगळं दिसण्याचं स्वातंत्र्य निकालपत्रात मिळालेलं आहे. ते रस्त्यावर टिकतं की नाही, हे तिथे हजर असलेल्या आपल्यासारख्यांवर अवलंबून आहे.

(पुढील लेखांकात : भीक मागणं हा गुन्हा का ठरला? १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा.)