स्तनपान : किती काळ आणि कशासाठी?

मूल जन्मले की त्याला पहिला घोट कशाचा द्यावा, अंगावर किती महिने पाजावे आणि दूध केव्हा तोडावे, याविषयी प्रत्येक कुटुंबात काही ना काही रूढी असते. आरोग्यशास्त्राचे उत्तर मात्र थोडक्यात सांगता येते : जन्मानंतर एका तासाच्या आत स्तनपानास आरंभ करावा, सहा महिने पूर्ण होईपर्यंत केवळ आईचेच दूध द्यावे आणि त्यानंतर वरच्या अन्नाबरोबर किमान दोन वर्षे स्तनपान चालू ठेवावे.

पहिला तास

प्रसूतीनंतरचे पहिले काही दिवस येणारे दाट, पिवळसर दूध म्हणजे चीक. तो ‘जड’ समजून पिळून टाकण्याची चाल अजूनही काही ठिकाणी आढळते. वस्तुतः रोगप्रतिकारक द्रव्यांनी समृद्ध असा हा चीक बाळाचे पहिले संरक्षण होय. त्याचे प्रमाण थोडे असते; पण नवजात बालकाचे जठरही तितकेच लहान असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात जन्मानंतर तासाभरात स्तनपान मिळालेल्या बालकांचे प्रमाण ४१.८ टक्के होते. मध चाटविण्याची प्रथाही टाळली पाहिजे. मधातील विशिष्ट जंतूंमुळे एक वर्षाच्या आतील मुलास गंभीर विषबाधा होऊ शकते.

सहा महिने केवळ आईचे दूध

‘केवळ’ या शब्दात पाणी, गुटी, साखरपाणी व गाईचे दूध या सर्वांचा निषेध अभिप्रेत आहे. वैद्यांनी सांगितलेली औषधे मात्र द्यावीत. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते. त्यामुळे कडक उन्हाळ्यातही बाळाला वेगळे पाणी लागत नाही. गोव्यासारख्या पावसाळी प्रदेशात विहिरींचे पाणी दूषित होण्याचा संभव असतो. अशा पाण्याचा एक चमचाही अतिसारास कारण होऊ शकतो.

‘दूध पुरत नाही’ ही मातांची सर्वांत सामान्य तक्रार होय. बाळ रडले की ते उपाशी आहे, असा समज करून घेऊन बाटली दिली जाते. येथूनच नुकसानीस प्रारंभ होतो. बाळ जितके ओढते आणि स्तन जितके रिकामे होतात, तितके नवे दूध तयार होते. बाटलीने पोट भरलेले बाळ कमी ओढते, म्हणून दूध कमी येते. ते कमी आले म्हणून बाटली वाढते आणि काही आठवड्यांत दूध खरोखरच आटते. बाळाला चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल आणि त्याचे वजन नियमित वाढत असेल, तर दूध पुरेसे आहे असे समजावे. शंका असल्यास अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात वजन करून घ्यावे.

पूर्वी चौथ्या ते सहाव्या महिन्यापासून वरचे अन्न सुरू करण्याचा सल्ला दिला जाई. २००१ साली जागतिक आरोग्य परिषदेने सहा महिन्यांची शिफारस केली. घरातील वडीलधाऱ्यांनी आपल्या काळी ऐकलेला सल्ला वेगळा होता, हे ध्यानी घेऊन त्यांना ही गोष्ट आदराने समजावून सांगावी.

त्यानंतर काय?

सहा महिन्यांच्या सुमारास बाळाच्या शरीरातील जन्मजात लोहाचा साठा संपत येतो व केवळ दूध अपुरे पडू लागते. म्हणून उष्टावणास उशीरही करू नये. मुलीचे उष्टावण पाचव्या महिन्यात करण्याची चाल काही घरांत आहे. ते सातव्या महिन्यात करण्यास परंपरेची आडकाठी नाही. मऊ भात व मुगाचे वरण, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे, उकडलेले अंडे, काटे काढलेला मासा असे घरचेच पदार्थ क्रमाने द्यावेत. प्रारंभी दिवसातून दोन-तीन वेळा, नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा अन्न द्यावे.

अन्न सुरू झाले म्हणून दूध तोडू नये. एक वर्षापर्यंत बाळाच्या उष्मांकांच्या गरजेपैकी निम्मा किंवा त्याहून अधिक वाटा आणि दुसऱ्या वर्षी सुमारे एक तृतीयांश वाटा आईच्या दुधातून मिळू शकतो. आजारपणात मूल अन्न नाकारते तेव्हा तर त्याला हाच आधार असतो. स्तनपानामुळे मातेलाही स्तनाच्या व बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो.

नोकरी करणाऱ्या माता

१९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवडे करण्यात आली. हा काळ जवळजवळ सहा महिन्यांचा आहे. प्रसूतीपूर्वी जितके आठवडे रजा घ्यावी, तितके नंतर कमी उरतात, याचा विचार आधीच करावा. कामावर रुजू झाल्यावर हात धुऊन स्वच्छ भांड्यात काढलेले दूध वाटी-चमच्याने पाजता येते. बाटलीची आवश्यकता नाही.

स्तनपान हे एकट्या मातेचे काम नव्हे. तिला वेळेवर जेवण, पुरेशी विश्रांती आणि धीराचे दोन शब्द मिळावेत, ही जबाबदारी पतीची, सासूची व साऱ्या घराची आहे. ‘तुझे दूध पुरत नाही’ असे तिला म्हणण्यापूर्वी घरच्यांनी बाळाचे वजन अवश्य पाहावे.